वाक्प्रचार कुठे वापरायचा, हेही लिहून ठेवा

इंग्रजी वाक्प्रचार शिकताना बरेच जण वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ यांची यादी करतात. यादी उपयोगाची आहेच, पण शिकणारा अडतो तो अर्थापाशी नाही, वापरापाशी. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, हे बरोबर. पण कोणाच्या सांत्वनाला गेल्यावर ते म्हटलं तर समोरचा दुखावेल. तिथे 'पास्ड अवे'च हवं. 'अंडर द वेदर' किरकोळ बरं नसेल तेव्हाच, गंभीर आजाराला नाही. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे मुसळधार पाऊस पडणे, पुस्तकांतून सगळे शिकतात, बोलताना मात्र आता जुनाट वाटतं. 'इट्स पोअरिंग' पुरेसं आहे.

व्याकरणाकडे तर फारच थोड्यांचं लक्ष जातं. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. 'द बीन्स वेअर स्पिल्ड' असा कर्मणी प्रयोग चालतो. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की मरण्याचा अर्थ गेला, उरली नुसती बादली. शब्दांची अदलाबदलही चालत नाही: सोप्या कामाला 'पीस ऑफ केक' म्हणतात, 'स्लाइस' नाही.

आणि देशही पाहावा लागतो. प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे, अमेरिकेत मात्र तो लांबणीवर टाकणे. अगदी उलट! दोन्हीकडचे लोक बैठकीत असतील तर मी हा शब्द टाळायलाच सांगेन.

म्हणून वहीत नुसता अर्थ नको. वाचनात किंवा ऐकण्यात आलेलं पूर्ण वाक्य उतरवा, आणि ते कोण कोणाला म्हणालं हेही.