कपड्यांना कसर: डांबरगोळ्या सोडून काय करता?

मेधा_म
भाच्याची मुंज आहे म्हणून काल लग्नातला शालू काढला. पदराला चार भोकं. आणि ती कुठे, तर बरोब्बर जिथे माझ्याच लग्नाच्या पंगतीत बासुंदी सांडली होती तिथे! ओल्या फडक्याने पुसून तशीच घडी घातली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "खरकट्या कपड्याला कसर लागते गं." मी मनात म्हटलं, झालं सुरू. आज त्या नाहीत, पण त्यांची पैठणी ठणठणीत आहे. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, शेजारी वेखंडाचं कांड. तुमच्याकडे काय करतात? डांबरगोळ्या नकोत, नवऱ्याला शिंका येतात.

चिपळूणकरीण
वेखंड आणि कडुनिंब. पण पाला सावलीत कडकडीत वाळव. मी घाईत ओलसर टाकला. कसर नाही लागली, बुरशी लागली 😀

माणदेशी
लोकर आणि वर चिंचोक्याची खळ, म्हणजे घोंगडी ही किड्यांची पंगतच. गावाला कुणी ठेवून देत नाही, रोज अंगाखाली असते, तिला काही होत नाही. पुण्यात मी हौसेने दिवाणात ठेवली, सहा महिन्यांत चाळण.

निमा
खळीवरून आठवलं, कडक इस्त्रीच्या सुती साड्या पण खळ धुऊन ठेवा. ते चंदेरी किडे खळीला येतात.

प्राणिशास्त्रवाला
भोकं उडणारा पतंग पाडत नाही, तो काही खातच नाही. पाडते त्याची अळी. तिला लोकर, रेशीम लागतं, त्यातही घामाचे, अन्नाचे डाग असले तर आधी तिथेच. मेधाताई, सासूबाई बरोबर होत्या. वेखंड-लवंगेच्या वासाने आधीच घातलेली अंडी मरत नाहीत. लोकरीचं काही असेल तर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ ला. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आत पाणी धरतं.

चिपळूणकरीण
आमच्या फ्रीजरमध्ये बोंबील आहेत. तो स्वेटर घालून ऑफिसला कोण जाणार?

मेधा_म
😂😂 मुंजीत भटजी उठून जातील

डॉक्टर_मावशी
विषय थोडा वेगळा, पण लिहितेच. बाळाची दुपटी, झबली डांबरगोळ्यांत ठेवू नका. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. नॅफ्थलिनने त्यांच्या लाल पेशी फुटतात, कावीळ वाढते. आजीने जपून ठेवलेले कपडे प्रेमाने घालतात आणि बाळ पिवळं होतं. ठेवले असतीलच तर आधी धुऊन, नीट वारा देऊन मगच.

रुपाली२२
बापरे. आजच काढते.

दादरकर
भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी राखाडी पिशवी सरकत असते, दोन्ही टोकांनी डोकं काढते. ती पण कसर का?

प्राणिशास्त्रवाला
तिची चुलत बहीण. कोळ्याची जाळी, केस, लोकर खाते. केरसुणी फिरवा, कपाटामागे विशेष.

दादरकर
कपाट १९९८ पासून हललेलं नाही. बायको धागा वाचत नसेल अशी आशा.

निमा
कापूर कोणी ठेवतं का? माझा महिन्यात उडून जातो, नुसता कागद उरतो.

चिपळूणकरीण
उडतोच तो. एक मिरी घाल सोबत, असं आई म्हणते. उपयोग काय ते आईलाच माहीत.

विदर्भकन्या
मी काहीच ठेवत नाही. दसऱ्याच्या आधी सगळं रेशीम बाहेर, सावलीत दोरीवर दिवसभर. परत ठेवताना घडी उलटी. त्याच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की जर तिथेच चिरते. आमच्याकडे हा दिवस म्हणजे अर्धा सणच, शेजारणी साड्या बघायला येतात आणि कामं बाजूलाच राहतात.

रुपाली२२
मी तर आईचे तीन शालू बोहारणीला देऊन बसले. दोन पातेली आणि एक झारा आला.

मेधा_म
अगं!! झारा तरी चांगला आहे का?

रुपाली२२
दांडी हलते.

विदर्भकन्या
मेधा, टाकू नकोस तो शालू. रफूवाल्याकडे जाताना त्याच शालूचा उरलेला ब्लाउजपीस ने, त्यातलेच धागे ओढून भरतात.

मेधा_म
ब्लाउजपीस सापडला! त्यालाही दोन भोकं आहेत 🤦 पण कडेचा काठ शाबूत आहे. उद्या जाते.