मदत हवी आहे : मुख्याध्यापकांचं सहभागी नेतृत्व आणि शिक्षकांची बांधिलकी, मोजायची कशी?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यात किनारपट्टीवरच्या एका हायस्कूलला शिकवते. एम.एड.च्या लघुप्रबंधाचा विषय वर दिलाच आहे. मार्गदर्शक म्हणतात, प्रश्नावली भरून घे, सहसंबंध काढ, झालं. पण घोडं पेंड खातंय ते प्रश्नावलीतच.

बांधिलकीसाठी मेयर आणि ॲलन या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडलेली तीन अंगं घेतली आहेत : मनापासून वाटणारी ओढ, सोडलं तर नुकसान होईल म्हणून राहणं, आणि राहणं हे कर्तव्य वाटणं. आता आमच्याकडचे घाटावरून आलेले झेडपीचे गुरुजी बघा. आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेले असतात, आणि तेच शिष्यवृत्तीच्या मुलांना घेऊन अंधार पडेपर्यंत शाळेत थांबतात. ‘याच शाळेत निवृत्त व्हायला मला आवडेल’ या धर्तीच्या विधानापुढे ते बिनदिक्कत ‘असहमत’ लिहिणार. घरी आईवडील म्हातारे आहेत, त्यात मुख्याध्यापकांचा काय दोष?

सहभागी नेतृत्व, म्हणजे निर्णय आणि जबाबदाऱ्या शिक्षकांत वाटणं, त्याचंही तसंच. जून उजाडला की स्टाफरूममध्ये समित्यांचा तक्ता लागतो : परीक्षा, सहल, पोषण आहार, सखी सावित्री, स्नेहसंमेलन. तक्ता वाचला तर एवढी लोकशाही दिल्लीतही नसेल! पण एका शाळेत सहलप्रमुखालाच गाडी कुठली ठरली ते आदल्या दिवशी कळलं. उलट दुसऱ्या एका शाळेत तक्ताबिक्ता काही नाही, पण मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी शिमग्यात कधी द्यायची ते स्टाफ ठरवतो. पालखी कुठल्या वाडीत कधी, मुलं कधी येणारच नाहीत, हे बघून. मॅडम फक्त सही करतात. ‘मला जबाबदारी दिली जाते’ या प्रश्नाला दोन्हीकडून ‘होय’च येईल ना?

आणि छोट्या शाळांचं काय करू? आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला पट १५० च्या वर असेल तरच वेगळा मुख्याध्यापक. इथे दोनशिक्षकी शाळा भरपूर, त्यातलाच एक प्रभारी. तो नेतृत्व वाटणार कुणाला?

कुणी असं काम केलं असेल तर सांगा. मराठीत तयार प्रश्नावली असली तर सोन्याहून पिवळं.

सुरंगी :
ताई, दोनशिक्षकी शाळा सरळ वगळा आणि मर्यादांमध्ये तसं लिहून टाका. फक्त अनुदानित हायस्कुलं घ्या, तिथे आंतरजिल्हा बदलीची भानगड नाही. झेडपी घ्यायचीच असेल तर ‘बदलीसाठी अर्ज केला आहे का’ हे वेगळं विचारा आणि तो गट वेगळा तपासा. तिन्ही अंगांची बेरीज करून एकच आकडा काढू नका, ओढ आणि नाइलाज एका पोत्यात जातील. आणि वय, विषय, सेवेची वर्षं असं सगळं एकत्र विचारू नका हो. आठ जणांच्या स्टाफमध्ये हिंदीचे सर एकच असतात, नाव न लिहिताही कळतं कुणी भरलंय. फॉर्म हेडसरांच्या टेबलावरून तर मुळीच गोळा करू नका.

खाजणकाठ :
सुरंगी यांना अनुमोदन. बेल्जियमच्या फ्लेमिश भागातल्या माध्यमिक शाळांवर हुल्पिया आणि सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास आहे, तो वाचा. तिथे बांधिलकीशी जास्त जुळलं ते नेतृत्व करणाऱ्यांचं आपसातलं सूत आणि त्यांच्याकडून मिळणारा आधार. कामं किती जणांत वाटली, हे तेवढं नाही. तुमच्या तक्त्याचं उत्तर त्यात सापडेल. प्रश्न असा करा : ‘माझ्या समितीने घेतलेला निर्णय मला न विचारता बदलला जातो.’ गुण उलटे धरा, म्हणजे ‘सहमत’ला कमी आणि ‘असहमत’ला जास्त.

धागाकर्ती :
दोघांचेही आभार. उलट गुणांचं विधान आजच घालते. पण फॉर्म हेडसरांच्या टेबलाला वळसा घालून गोळा कसे करायचे? शाळेत पाऊल टाकायला परवानगी त्यांचीच लागते.

सुरंगी :
परवानगी त्यांच्याकडून घ्या, फॉर्मसोबत कोरं पाकीट द्या, आणि केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेला किंवा पेपर तपासणीला सगळे जमतात तिथे स्वतः उभ्या राहून बंद पाकिटं घ्या.