अमेरिकी बाथरूमकडे परक्या नजरेने पाहावे का?

चर्चाप्रस्ताव

अमेरिकेतील काही मराठी घरांत मुलांच्या डोक्याला खोबरेल तेल लावून शाळेत पाठवायला आई कचरते, कारण वर्गातली मुले वासावरून नाक मुरडतील अशी धास्ती असते. माझे म्हणणे असे की, ज्या परक्या नजरेने आपल्या तेलाकडे पाहिले जाते, त्याच नजरेने तिथल्या बाथरूममधले कपाटही एकदा उघडून पाहावे. त्यातले लिस्टरिन १८७९ साली शस्त्रक्रियेसाठीचे जंतुनाशक म्हणून तयार झाले. १९२० च्या दशकात मात्र मुखदुर्गंधीमुळे लग्ने अडतात असे भय जाहिरातींनी घातले आणि तेच द्रव्य घरोघरी गुळण्यांसाठी वापरले जाऊ लागले. शेजारच्या वस्तऱ्याचेही तसेच आहे. जिलेटने खास स्त्रियांसाठी वस्तरा आणला तो १९१५ मध्ये. तोवर काखेतले केस काढणे तिथल्या बहुतेक स्त्रियांच्या गावीही नव्हते.

प्रतिसाद (असहमत)

सगळ्याच सवयी एका मापाने मोजणे मला पटत नाही. मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ मध्ये पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली आणि तेथील मुलांच्या दातांची कीड स्पष्टपणे घटली. फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणे परक्याला फेसाळ विधी वाटेल, पण त्याने दात वाचतात. याला नुसती रूढी म्हणणे हा आरोग्याच्या कामावर अन्याय आहे.

धागालेखक

दात वाचतात हे मान्यच आहे. माझा रोख उपयोगावर नसून लाज लादण्यावर आहे. कोरियातील बहुसंख्य लोकांत एबीसीसी११ या जनुकाचे असे रूप आढळते की, काखेच्या घामाला फारसा वास येतच नाही. असा माणूस अमेरिकेत नोकरीला लागला आणि त्याने डिओडरंट लावले नाही, तर तो अस्वच्छ ठरावा का?

प्रतिसाद (तीव्र असहमत)

ठरू नये. तरीही प्रत्येक गोष्टीला 'ज्याची त्याची रीत' म्हणून सोडून देणारी ही नजर मला धोक्याची वाटते. आपल्याकडे विधवेचे केशवपन हीदेखील रीतच होती, आणि बाहेरून आलेल्या एखाद्या अभ्यासकाने तिची नोंद अलिप्तपणे केली असती. १८९० च्या सुमारास कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला, तो अलिप्त राहून नव्हे. ती सवय कोणाच्या अंगावर लादली जाते, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

धागालेखक

हा प्रश्न मला मोलाचा वाटतो, आणि तोच मी त्या १९१५ च्या वस्तऱ्यालाही लावतो. केशवपनाची सक्ती आणि काखेची लाज यांच्या क्रौर्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे निर्विवाद. तरीही दोन्हीकडे स्त्रीच्या केसांचे काय करायचे, हे ठरवणारे कोणी दुसरेच होते. नाभिकांनी निदान आपल्या हातातला वस्तरा खाली ठेवला, कंपन्यांनी मात्र तो विकायला काढला.