मृत्युपत्रावरील साक्षीदाराची सही आणि आजोबांकडून आलेला मळा

मंगळवार पेठेतील लेक:
माझे वडील २०२३ साली वारले. स्वकमाईचे राहते घर आणि करवीर तालुक्यातील आजोबांकडून आलेला दीड एकर उसाचा मळा त्यांनी मृत्युपत्राने भावाच्या नावे केल्याचे आता कळते. कागद वहीतला असून नोंदवलेला नाही. दोनपैकी एक साक्षीदार सांगतात की, वडिलांना सही करताना त्यांनी पाहिलेच नाही. मार्केट यार्डात गुळाचे सौदे सुरू असताना भावाने खिशातून कागद काढून त्यांची सही घेतली. तलाठ्यांकडून फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील नाव बदलण्याची, नोटीस आली आहे. आई माझ्याकडे असते. वडिलोपार्जित मळा असा देता येतो काय?

निवृत्त अव्वल कारकून:
नोटिशीपासून पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. फेरफाराने मालकी ठरत नाही, पण नोंद एकदा झाली की ती हटवण्यात वर्षे जातात. सातबारावरील क्रमांक धरून जुने फेरफारही काढा.

वकील, कसबा बावडा:
आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जित, असे सगळेच समजतात. कायदा इतका सरळ नाही. आजोबांनी मळा स्वतः खरेदी केला असेल आणि ते १७ जून १९५६ नंतर वारले असतील, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे तो वडिलांची स्वतंत्र मिळकत झाला व त्यांना तो कोणालाही देता येत होता. आजोबांनाच तो पूर्वजांकडून मिळाला असेल, तर २००५ च्या दुरुस्तीमुळे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत आपला जन्मतः हिस्सा आहे आणि वडिलांचे मृत्युपत्र फक्त त्यांच्या हिश्श्यापुरते चालेल. मुलीचे लग्न झाले आहे, या सबबीला २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अर्थ नाही.

घराचा प्रश्न साक्षीदारावर येतो. नोंदणी ऐच्छिक आहे, वहीचा कागदही चालतो. परंतु भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ नुसार प्रत्येक साक्षीदाराने वडिलांना सही करताना पाहिलेले असावे किंवा ती आपलीच असल्याचे वडिलांनी त्याला स्वतः सांगितलेले असावे. मुलाने परस्पर घेतलेली सही त्यात बसत नाही. तसे सिद्ध झाल्यास घर आई, भाऊ आणि आपण यांना समान मिळेल.

निवृत्त अव्वल कारकून:
आईंच्या निर्वाहासाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मात्र ती जबाबदारी मुलीवरही असते, हे आधीच सांगून ठेवतो.

मंगळवार पेठेतील लेक:
ते मान्यच आहे. हरकत काल दिली. जुना फेरफारही मिळाला: १९४९ साली भाऊवाटपात मळा आजोबांच्या वाट्याला आल्याची नोंद आहे, म्हणजे तो त्यांनी खरेदी केलेला नव्हता. त्याची प्रत घेऊन वकीलसाहेबांना भेटते.