मदत हवी आहे: दशांश (कमाईचा दहावा भाग देवाला) कशावर काढायचा, आणि कर्ज असताना किती?

जय ख्रिस्त. आम्ही नगरचे, घरात चार माणसं. हातात येणारा पगार ३४,०००. पीएफ आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आधीच कापलेला. त्यातून सासूबाईंची शुगरची औषधं, मुलीची फी.

पगार झाला की मिस्टर ३,४०० बाजूला काढून पाकीट पिठाच्या डब्यामागे ठेवतात. गेल्या महिन्यात औषधं संपली, तर मी त्यातले ६०० घेतले. रविवारी अर्पणाची थैली समोर आली तेव्हा पाकीट हातात हलकं लागलं, मान वर होईना.

मिस्टर बायबलमधलं मलाखी ३:१० दाखवतात, ‘सगळा दशांश भांडारात आणा’. मी मार्क ७ दाखवते: ‘कुर्बान’, म्हणजे हे देवाला वाहिलंय, असं म्हणून आईबापांना टाळणाऱ्यांना येशूने झापलंच ना? पण पुढे १२व्या अध्यायात गरीब विधवेच्या दोन टोल्या (अगदी कमी किमतीची नाणी) येतात आणि माझं तोंड बंद. तिने उपजीविकाच दिली होती.

तर विचारायचं असं, की दशांश पीएफ-हप्ता कापण्याआधीच्या पगारावर की हातातल्या? कर्ज फिटेपर्यंत कमी दिलं तर चालेल का? पाळकसाहेबांना विचारायला संकोच वाटतो, पावतीपुस्तक त्यांच्याकडेच असतं.

मिझोरामच्या बायका १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी काढतात. आपल्याकडे कुणी धान्याचं अर्पण असं रोज काढतं का? मला ते जमेल असं वाटतंय. ज्यांनी तंगीतही दिलंय त्यांनी प्लीज आकड्यांसकट सांगा. नुसतं ‘विश्वास ठेवा’ नको, तो आहे.