वेबजार्स की एनपीएम? जावाच्या वेब ॲपमध्ये जेक्वेरी-बूटस्ट्रॅप कुठून द्यावं?

धागाकर्ता
आठवडाभर आमच्या टीममध्ये यावरून वाद चालला आहे, म्हणून इथे मांडतो. स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) आणि थायमलीफ (टेम्प्लेटमधून पानं बनवणारी लायब्ररी) यांवर चालणारं ॲप आहे, पानं सर्व्हरवरच तयार होतात. फ्रंटएंड म्हणजे बूटस्ट्रॅप (पानाच्या मांडणीची लायब्ररी), जेक्वेरी (जावास्क्रिप्टची लायब्ररी) आणि तारीख निवडायचं एक विजेट. माझं मत, हे तिन्ही वेबजार्समधून घ्यावं. दोन सहकारी म्हणतात ही पद्धत जुनी झाली, एनपीएम (जावास्क्रिप्टचा पॅकेज मॅनेजर) आणि व्हीट (फाइली एकत्र बांधणारा बंडलर) आणा.

ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वेबजार ही साधी जारच (जावाची झिपसारखी फाइल), फक्त आत क्लास फाइलींऐवजी जेएस आणि सीएसएस. उघडली की मेटा-आयएनएफ, त्यात रिसोर्सेस, त्यात वेबजार्स, मग लायब्ररीचं नाव आणि आवृत्तीचा फोल्डर. वेब-आयएनएफ/लिबमधल्या जारच्या मेटा-आयएनएफ/रिसोर्सेसमध्ये जे असेल ते कंटेनरने (ॲप चालवणाऱ्या सर्व्हरने) थेट ब्राउझरला द्यायचं, अशी सोय सर्व्हलेट ३.० या जावाच्या वेब मानकात २००९ सालीच झाली. स्प्रिंग बूटमध्ये तर काही लिहावंच लागत नाही.

आधी आमच्याकडे जेक्वेरीची फाइल कुणीतरी कधीतरी डाउनलोड करून रेपोत टाकलेली होती. आवृत्ती कोणती, हे फाइल उघडून पहिल्या ओळीतली टिप्पणी वाचल्याशिवाय कळत नव्हतं. आता पॉममध्ये (मेव्हन या बिल्ड साधनाची फाइल, लायब्ररी आणि आवृत्त्या जिथे लिहितात ती) एक ओळ दिसते. याचं मोल मला फार वाटतं.

प्रतिसाद १
पूर्ण असहमत. ती एक ओळ बदलून बघा. टेम्प्लेटमध्ये /वेबजार्स/जेक्वेरी/३.४.१/ असा पाथ लिहिलेला असतो. पॉममध्ये ३.५.० केलं, बिल्ड हिरवा झाला, टेस्ट पास झाल्या, आणि पान उघडलं तर एकही बटण चालेना. कन्सोलमध्ये ४०४, म्हणजे फाइल सापडत नाही. आमच्याकडे हे थेट प्रॉडक्शनवर झालं, आणि तेही सुरक्षेसाठी घाईने केलेल्या अपग्रेडमध्ये (२०२० च्या एप्रिलमध्ये जेक्वेरी ३.५.० एक्सएसएसची (पानात परका स्क्रिप्ट घुसवता येण्याच्या त्रुटीची) दुरुस्ती घेऊन आली, तेव्हा). एनपीएम आणि बंडलर असता तर बिल्डच फुटला असता, आणि तेच हवं होतं.

शिवाय जारमध्ये लायब्ररी अख्खी येते. न वापरलेला कोड कापून टाकणं हे बंडलरचं काम, जारला ते जमत नाही.

प्रतिसाद २
पाथमध्ये आवृत्ती हाताने लिहिणं ही तुमची चूक, वेबजार्सची नाही. लोकेटर ही वेबजार्सची छोटी लायब्ररी त्यासाठीच आहे. पॉममध्ये तो घाला, टेम्प्लेटमध्ये आवृत्ती न लिहिता पाथ द्या, योग्य फोल्डर तो शोधतो. जुना लोकेटर-कोअर त्यासाठी क्लासपाथ (ॲपच्या सगळ्या जार) धुंडाळायचा, त्यामुळे ॲप सुरू व्हायला वेळ लागायचा. लोकेटर-लाइट ते टाळतो, आणि स्प्रिंग ६.२ पासून त्याचा आधार आतच आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. आवृत्ती असलेला पाथ वर्षभर कॅशमध्ये ठेवला तरी बिघडत नाही, कारण त्या पाथवरची फाइल बदलतच नाही. आवृत्ती नसलेल्या पाथवर तेवढीच मुदत दिलीत, तर अपग्रेडनंतरही लोकांना जुनी फाइल दिसत राहील.

प्रतिसाद ३
एवढा खटाटोप कशाला? सीडीएनचा (बाहेरच्या सर्व्हरवरून फाइल देणाऱ्या सेवेचा) एक टॅग टाकला की झालं. फाइल दुसऱ्या साइटमुळे ब्राउझरच्या कॅशमध्ये आधीच असते.

धागाकर्ता
ते दिवस गेले. सफारी, क्रोम, फायरफॉक्स आता प्रत्येक साइटची कॅश वेगळी ठेवतात. क्रोमने हे २०२० मध्ये ८६ व्या आवृत्तीपासून सुरू केलं, फायरफॉक्सने २०२१ मध्ये ८५ व्या. दुसऱ्या साइटवर उतरवलेली जेक्वेरी तुमच्या पानाला मिळत नाही. २०२४ च्या जूनमध्ये पॉलिफिल डॉट आयओ या डोमेनवरून हजारो साइटींवर घातक कोड गेला, तोही असल्याच एका टॅगमधून. आणि आमचं ॲप जिथे बसवतो तिथलं नेटवर्क बाहेर जातच नाही.

प्रतिसाद ४
मी दोन्ही वापरलं आहे. क्लासिक गटातले वेबजार, म्हणजे ओआरजी डॉट वेबजार्सखालचे, फारसा त्रास देत नाहीत. खरी कटकट एनपीएम गटातल्यांची, म्हणजे एनपीएमच्या पॅकेजांपासून बनवलेल्यांची. एनपीएमला एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी चालतात, मेव्हनला एका आर्टिफॅक्टची एकच आवृत्ती लागते. त्यात अवलंबित्वं (लायब्ररीला लागणाऱ्या इतर लायब्ररी) रेंजमध्ये, म्हणजे या आवृत्तीपासून त्या आवृत्तीपर्यंत अशी, दिलेली असतात. दोन लायब्ररींच्या रेंज जुळल्या नाहीत की बिल्ड अडतो, आणि एक्सक्लूजन (नको ते अवलंबित्व वगळायच्या ओळी) लिहिता लिहिता दुपार जाते. विजेट कोणत्या गटातलं आहे?

धागाकर्ता
विजेट एनपीएम गटातलं आहे. त्याची अवलंबित्वं दोनच आहेत, पण तुमचं वाचून आत्ताच मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री काढलं, तर त्यात जेक्वेरी दोनदा आली आहे, दोन वेगळ्या गटांतून. मेव्हनच्या लेखी ते दोन निराळे आर्टिफॅक्ट, म्हणून त्याने हूं की चूं केलं नाही. एनपीएम गटातली एक्सक्लूजनने काढतो.

प्रतिसाद १, तुमचा ४०४ चा मुद्दा मान्य. लोकेटर-लाइट घालतोच, शिवाय टेम्प्लेटमधला प्रत्येक वेबजार पाथ मागून २०० (म्हणजे फाइल मिळाली) येतो का, हे तपासणारी टेस्टही लिहितो. पण तीन लायब्ररींसाठी प्रत्येक बिल्ड मशीनवर नोड (एनपीएमला लागतं ते) बसवणं मला अजूनही पटत नाही.

प्रतिसाद १
टेस्ट लॉगिन न करता चालवा. स्प्रिंग सिक्युरिटीमध्ये (लॉगिन सांभाळणाऱ्या भागात) /वेबजार्स/ खालचे पाथ मोकळे केले नसतील, तर लॉगिन पानाला सीएसएसच्या जागी लॉगिनचंच एचटीएमएल मिळतं, आणि रीडायरेक्टनंतर तेही २०० म्हणूनच येतं. कंटेंट-टाइप (उत्तर सीएसएस आहे की एचटीएमएल, ते सांगणारा हेडर) तपासा.