ऑन्टॉलॉजीला मराठीत काय म्हणावं?

पेशीकर: वेब-प्रोटेजेवर मराठीत टिपण लिहितोय. स्टॅनफर्डचं हे साधन ब्राउझरमध्येच उघडतं. चौघं चार गावांतून एकाच ऑन्टॉलॉजीत, म्हणजे एखाद्या विषयातल्या संज्ञा आणि त्यांची नाती यांच्या संगणकी मांडणीत, संज्ञा घालतात, त्या संज्ञेवर तिथेच भांडतात, आणि कुणी काय बदललं त्याची नोंद राहते. मी 'जैविक सत्ताशास्त्र' लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंचा शेरा: 'सत्ता वाघाची की सिंहाची?' दुसरा शब्द सुचवा.

ताकभात: संज्ञाकोश. झालं.

पेशीकर: नाही झालं. इथे अर्थापेक्षा नाती महत्त्वाची. जीन ऑन्टॉलॉजी ही जनुकांच्या कामांची. तिच्यात तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) हा अंगकाचा, म्हणजे पेशीतल्या छोट्या अवयवाचा, 'प्रकार', पण पेशीद्रव्याचा 'भाग'. ही नाती एकमेकांत मिसळून चालत नाहीत.

ओसरी: मग अमरकोशानं काय वेगळं केलं? वनौषधिवर्ग, सिंहादिवर्ग, मनुष्यवर्ग... 'वर्गकोश' म्हणा. आजोबा पहाटे म्हणायचे, आम्ही पांघरुणातून ऐकायचो.

कावळेबुवा: अमरकोश एकट्या अमरसिंहाचा. जीन ऑन्टॉलॉजी १९९८ साली फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या डेटाबेसवाल्यांनी मिळून सुरू केली, कारण जनुकाच्या एकाच कामाला तिघांकडे वेगवेगळी नावं. आजही नवी संज्ञा हवी तर गिटहब या संकेतस्थळावर मागणी टाकायची आणि वाद झेलायचा. बाद झालेली संज्ञासुद्धा पुसत नाहीत. शिक्का मारून ठेवतात, तिचा क्रमांक दुसरीला देत नाहीत. तेव्हा ऑन्टॉलॉजीच म्हणा. टेबलाला मेज कोण म्हणतं?

ओसरी: आमच्या घरी म्हणतात.

रानजाई: माझा अडला हात सोडवा आधी. उबेरॉन ही प्राण्यांच्या अवयवांची ऑन्टॉलॉजी. तिच्यात मनगटापुढचा भाग वेगळा, खांद्यापासूनचा अवयव वेगळा. मराठी नावं द्यायला बसले, तर 'हात हा हाताचा भाग आहे' असं वाक्य तयार झालं!

ताकभात: पंजा आणि बाहू.

रानजाई: पंजा वाघाचा हो.

ताकभात: उबेरॉन सगळ्या प्राण्यांची ना? मग वाघ चालतोच की.

ओसरी: पायाला निदान पाऊल तरी आहे. तरी आईनं 'पाय दुखतो' म्हटल्यावर डॉक्टर गुडघाच दाबत बसले. दुखत होता तळवा.

कावळेबुवा: तळपाय म्हणायचं.

ओसरी: तळवाच. तळपाय पुस्तकी.

कावळेबुवा: तळवा हातालाही असतो, ताई.

रानजाई: हाताचा तो तळहात.

पेशीकर: मंडळी, टिपण उद्या द्यायचंय.

ओसरी: मेंदी तळव्यावरच काढतात, कावळेबुवा. तळहातावर रेषा बघतात.